खिळ्यावाचून

सांगलीच्या बोर्डिंगात माझी खोली सहा नंबरची. एकाहत्तरच्या जूनमध्ये वडील, म्हणजे आबा, मला सोडायला आले, तेव्हा भिंतींना नुकताच चुना दिलेला होता. रेक्टर सरांनी सगळ्या मुलांना व्हरांड्यात उभं करून सांगितलं, भिंतीला खिळा मारायचा नाही आणि काही चिकटवायचं नाही. भिंती मातीच्या होत्या. एक खिळा ठोकला की ताटाएवढा गिलावा खाली यायचा. आमच्याच खोलीत, माझ्या खाटेच्या वर, आधीच्या कुणीतरी पाडलेलं असं एक भगदाड होतं.

माझ्याबरोबर हंबीरराव राहायचा. वाळव्याकडचा, घरचा ऊस, थोरला भाऊ फौजेत. भावाचा गणवेशातला फोटो भिंतीवर असावा म्हणून त्यानं तो भाताच्या शितांनी चिकटवला. तिसऱ्या दिवशी फोटोपर्यंत मुंग्यांची रांग लागली, आणि आठवड्यात फोटो चुन्याचा पोपडा घेऊन खाली आला. मग त्यानं तो खिडकीत उभा केला.

मला भिंतीला टेकून वाचायची सवय. गणपतीला घरी गेलो तर आईनं माझा सदरा झटकला.

"ह्ये काय रं पाठीला?"

"चुना लागतुया भिंतीचा."

आमचं घर आटपाडीच्या पलीकडं, माळावर. आबा, म्हणजे धुळा आबा, वर्षातले आठ महिने मेंढरं घेऊन नदीकाठच्या मुलखात फिरायचे आणि पावसाळ्यात घरी आले की मागावर बसायचे. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी पोचलो तेव्हा त्यांनी एक लहान घोंगडी विणून ठेवली होती. काळी, आणि दोन्ही काठांना पांढऱ्या लोकरीचे बारीक दात. लोकर आईनं कातलेली.

"भितीला लाव," आबा म्हणाले. "टेकायला बी हुईल आन् खुली बी बरी दिसंल."

घोंगडी सुरेख होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण तिला लोकरीचा आणि चिंचोक्याच्या खळीचा वास होता. बोर्डिंगात मी धनगराचा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, ते भिंतीवर टांगायची मला इच्छा नव्हती. मी म्हणालो, "आबा, तितं खिळा मारू देत न्हाईत." बोलताना मला हलकं वाटलं, कारण ते खरंच होतं.

आबांनी घोंगडी गुंडाळली. "बगू," एवढंच म्हणाले.

पौषात त्यांची मेंढरं मिरजेच्या अलीकडं एका मळ्यात खतासाठी बसली होती. एका रविवारी सकाळी ते बोर्डिंगात आले. काखेत घोंगडी, खांद्यावर तीन काठ्या आणि सुताच्या दोरीचं वेटोळं. हंबीररावानं त्यांना बसायला सांगितलं, पण ते बसले नाहीत. त्यांनी खाट भिंतीपासून वीतभर ओढली. दोन काठ्यांच्या टोकांना चिंध्या बांधल्या, एक खाटेच्या उशाला आणि एक पायथ्याला उभी केली आणि खाटेच्या पायांना आवळून टाकली. तिसरी काठी घोंगडीच्या वरच्या काठातून ओवून त्या दोघींवर आडवी बांधली. घोंगडी ताठ उभी राहिली. भिंतीला कुठंही टेकली नव्हती. वरचं भगदाडही तिच्यामागं झाकलं गेलं.

आबांनी भिंतीवरून हात फिरवला, तळवा बघितला, मग म्हणाले, "दुसऱ्याच्या रानात मेंढरं बसवाय जातो आपण. उठताना तितं खड्डा ऱ्हायला न्हाई पायजे. मालकानं फुडच्या साली पुन्यांदा बोलवाय पायजे."

हंबीरराव खाटेवर टेकून बसला. "लय भारी, मामा," म्हणाला. "मला बी एक द्या करून."

आबा हसले. जाताना दारातून एकदा वळून त्यांनी घोंगडीकडं बघितलं.

संध्याकाळी पलीकडच्या खोलीतली मुलं बघायला आली. कुणी काही वाईट बोललं नाही. फक्त बाहेर पडताना व्हरांड्यात एकानं मेंढरासारखा आवाज काढला आणि दोघंतिघं हसले. मी चार दिवस कळ काढली. पाचव्या दिवशी दोऱ्या सोडल्या, घोंगडी घडी घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवली आणि काठ्या न्हाणीघरामागं टाकल्या.

"ऱ्हाऊ दे की," हंबीरराव म्हणाला. "कुनी वरडलं म्हनून काय झालं?"

"तुला काय जातंय बोलाय," मी म्हणालो.

शिमग्याच्या आधी आबा परत आले, न कळवता. मी कॉलेजला निघायच्या घाईत होतो. ते दारात थांबले आणि उघड्या भिंतीकडं बघू लागले. मला दुसरं काही सुचलं नाही. मी म्हणालो, "सरांनी काडाय लावली. भितीला लागलं म्हनं."

"कुटं लागलं?"

मी त्या जुन्या भगदाडाकडं बोट केलं.

आबा खाटेवर गुडघे टेकून वर झाले. भगदाडाच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं. दोरी कुठं बांधली, काठी कुठं आली, याचा हिशेब ते मनात लावत असावेत. पौषात घोंगडी उभी करताना त्यांनी त्या भगदाडाकडं नीट बघितलं नसावं, किंवा आता त्यांचा स्वतःच्या आठवणीवर विश्वास बसेना. हंबीरराव माझ्याकडं बघत होता. मी त्याच्याकडं बघितलं नाही.

"माजं चुकलं आसंल," आबा म्हणाले. "तू जा कालिजाला. मी सरास्नी भेटून जातो."

मला त्यांना थांबवता आलं असतं. "आबा, नको" म्हणायला किती वेळ लागतो? पण तास चुकेल असं मनाशी म्हणत मी जिना उतरलो. संध्याकाळी परत आलो तर खाटेवर आईनं दिलेलं भाकरीचं गठुडं होतं. आबा गेले होते. हंबीरराव माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.

परीक्षेच्या आधी रेक्टर सरांनी मला ऑफिसात बोलावलं, दुसऱ्याच कामासाठी. काम झाल्यावर म्हणाले, "अर्जुना, तुझे वडील आले होते. कुठून तरी वाटीभर चुना आणि माती मागून आणली होती त्यांनी. म्हणाले, माझ्या हातनं भिंत बिघडली, मी लिंपून देतो."

मी मान खाली घातली.

"मी त्यांना सांगितलं, ते भोक दोन वर्षांपूर्वीचं आहे. आणि मी घोंगडी काढायला कुणालाच सांगितलं नाही. उलट बाकीच्या पोरांना ती दाखवणार होतो, खिळ्याशिवाय कसं लावावं म्हणून."

"मग काय म्हणाले?"

"चुन्याची वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, पोराला काही बोलू नका." सरांनी चष्मा पुसला. "मी बोलणार नव्हतो. पण महिना झाला, मला राहवत नाही."

खोलीत येऊन मी ट्रंक उघडली. घोंगडीच्या घडीला कसर लागली होती. उलगडली तर मधोमध ओळीनं भोकं. तरी मी ती खाटेवर अंथरली आणि तिच्यावर बसून राहिलो.

त्या उन्हाळ्यात घरी गेलो, पण बोलायला तोंड उघडलं नाही. पुढं पाऊस पडलाच नाही. चारा संपला, आबांनी मेंढरं मिळेल त्या भावानं विकली आणि आई-आबा दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. माग रिकामा पडला. दुसरी घोंगडी विणायला घरात लोकर नव्हती.

माघात आबा सांगलीला आले. या वेळी वर आले नाहीत. वॉचमनकडून मला निरोप पाठवला आणि फाटकाबाहेर लिंबाखाली बसून राहिले. हातांना खडीचे घट्टे पडले होते.

"वर चला की आबा."

"हितं बरं हाय."

मी त्यांच्याशेजारी बसलो. रस्त्यावरून उसाच्या गाड्या चालल्या होत्या. त्या जाईपर्यंत थांबलो, मग म्हणालो, "आबा, सरांनी काडाय लावली न्हवती. मीच काडली."

"ठावं हाय."

"मग बोलला का न्हाई मला?"

आबांनी पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. "काय बोलायचं? तुला लाज वाटली. वाटती त्या वयात." मग म्हणाले, "पर सरांच्या हापिसात जाईस्तवर मला वाटत व्हतं, आपून आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात ऱ्हायलो, कवा कुनाचं काय बिगडवलं न्हाई, आन् आता पोराच्या खुलीत बिगडवलं. लय वंगाळ वाटलं तवा."

मी त्यांच्या पायांना हात लावायला वाकलो. त्यांनी माझा दंड धरून मला बसवलं आणि अभ्यास कसा चाललाय ते विचारलं. आईनं दिलेली शेंगांची पिशवी दिली. एसटीची वेळ झाली तसे उठले.

मी त्या बोर्डिंगात आणखी दोन वर्षं होतो. आबा पाच-सहा वेळा आले. दर वेळी मी वर चला म्हणायचो आणि दर वेळी ते म्हणायचे, हितं बरं हाय.