गिअरबॉक्समधला टाका

जुनी गिअरबॉक्स उघडायची नाही, एवढंच मला हवं होतं. बाकी इर्विनने त्या गाडीत विमानाचं इंजिन बसवलं असतं तरी माझी काही हरकत नव्हती.

इर्विन ग्रीनवुड माझा थोरला भाऊ. वय सदुसष्ट, जन्म गेला गिरणीतले माग दुरुस्त करण्यात. मी सेल्विन, पाच वर्षांनी धाकटा, मोटरसायकलींचा मेकॅनिक. आणि गाडी म्हणजे तीन चाकांवरचं अंडं, आत जेमतेम दोन माणसं मावतील एवढं. त्रेचाळीस वर्षं ती त्याच्या शेडमध्ये कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यांमागे पडून होती. यंदा मार्चमध्ये त्याची बायको एल्सी म्हणाली, "ती एकदा रस्त्यावर आण, नाहीतर भंगारात दे. असं मढं घरात ठेवून मला जगवत नाही."

झालं. इर्विनने मला फोन केला आणि माझी झोप उडाली.

कारण त्या गिअरबॉक्समध्ये माझं पाप होतं. आमच्या खोऱ्यात तेव्हा निम्म्या पुरुषांकडे फक्त मोटरसायकलचं लायसन्स. त्यावर तीन चाकी गाडी चालायची, पण तिला रिव्हर्स असता कामा नये, असा कायदा. म्हणून रिव्हर्सच्या वाटेवर पत्रा लावून ती बंद करायची. आता आमच्या चिंचोळ्या चढांवर समोरून लॉरी आली की काय, उतरून गाडी मागे ढकलायची? म्हणून सगळेच तो पत्रा एका स्क्रूवर ठेवत. वेळ आली की नाण्याने स्क्रू काढायचा, मागे जायचं, पुन्हा लावायचा. पोलीसही जाणून होते. इर्विनने मला तेच करायला सांगितलं.

मी एकोणीस वर्षांचा, गॅरेजात उमेदवारी करत होतो. मालक म्हणाला, गाडी तपासणीत सापडली तर तू घरी. मी टरकलो. रिव्हर्सच्या आतल्या दांडीवर वेल्डिंगचा टाका मारून तो कायमचा बंद केला, वर दिखाव्याला पत्रा एका स्क्रूवर लावला, आणि भावाला सांगितलं, "झालं बघ, तुला हवं तसं."

त्या जानेवारीत इर्विन आणि एल्सी तिच्या आईकडून परत येत होते. तिला पाचवा महिना. बर्फातल्या गल्लीत समोर लॉरी अडकली. इर्विनने स्क्रू काढला, पण रिव्हर्स पडेना. दोघं उतरले आणि गाडी चढावर मागे ढकलत नेली. तोही ढकलत होता, तीही. चार दिवसांनी हॅलिफॅक्सच्या हॉस्पिटलात मूल गेलं. पुन्हा झालं नाही.

इर्विन मला म्हणाला होता, "सेल, रिव्हर्स पडलाच नाही रे."

आणि मी म्हणालो, "घाईत वेडावाकडा दाबला असशील. तुझे हातच तसे."

टाका भीतीने मारला, ते एक वेळ जाऊ दे. पण हे वाक्य! ते मी शुद्धीत बोललो.

म्हणून यंदा मी आधी एक जपानी मोटरसायकलचं इंजिन नेऊन त्याच्या शेडमध्ये ठेवलं, गिअरबॉक्ससकट. "तुझ्या इंजिनाचा पिस्टन जाम आहे, बॉक्सही गेली असणार. दोन्ही काढून फेक. हे एका दिवसात बसतं."

इर्विनने त्याच्याभोवती एक फेरी मारली. "याला थंड करायला वारा लागतो. मागच्या बंद पेटीत वारा कोण घालणार, तू फुंकर मारणार?"

"पंखा बसवू."

"आणि ताकद? दुप्पट आहे. ब्रेक मात्र सायकलचे. एल्सीला घेऊन थेट कालव्यात जाऊ का?"

पुढच्या आठवड्यात मी स्कूटरचं ऑटोमॅटिक इंजिन नेलं. क्लच नाही, गिअर नाही, म्हातारपणी आराम, असं बरंच काही बडबडलो. तो हसला.

"ते आमच्या चढावर बेल्ट जाळून घेईल. सेल, तुला गाडी करायचीय की दुकानातली अडगळ खपवायचीय?"

मग त्याने कुठून तरी जुन्याच जातीचं, चालू अवस्थेतलं इंजिन पैदा केलं. "ह्याला बॉक्स आपलीच. गिअरच्या दातांचं गणित मूळचंच बरोबर आहे."

"आतले दात झिजलेत रे."

"न उघडताच कळलं तुला?"

तो बोल्ट सोडायला लागलासुद्धा. त्या क्षणी तरी मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. मी भित्राच.

झाकण निघालं. दात चकचकीत, तेलात जपलेले. इर्विनने फडक्याने दांडी पुसली आणि त्याचं बोट थांबलं. माग दुरुस्त करणारा माणूस. कुठलं काम कोणाचं, हे त्याला पाहताक्षणी कळतं.

"हे कारखान्यातलं नाही."

"नाही."

"तुझं."

"हो."

तो खोक्यावर बसला. मला वाटलं, आता पाना फेकून मारतो. मारला असता तर बरं झालं असतं. त्याने दोन्ही हात समोर धरले आणि पाहत राहिला, मग हुंदके देत रडायला लागला. माझ्या भावाला रडताना मी वडिलांच्या दफनालाही पाहिलं नव्हतं.

"माझे हात बरोबर होते," तो म्हणाला. "एल्सी दर वेळी सांगायची, तुझी चूक नाही. मला वाटायचं, बिचारी समजूत घालतेय." नाक पुसून तो उठला. "त्रेचाळीस वर्षं मी तिची माफी मागतोय. आता तू जा. आत आहे ती."

"इर्विन, मी उद्या..."

"आत्ता."

एल्सी स्वयंपाकघरात पेस्ट्रीचं पीठ लाटत होती. मी दारातच उभं राहून सगळं सांगितलं: टाका, स्क्रू, मालकाचा दम. आणि ते हातांबद्दलचं वाक्य. तिने लाटणं खाली ठेवलं. पिठाच्या हातांनी टेबलाची कड धरून उभी राहिली.

"त्याची माफी मागितलीस?" तिने विचारलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. शेडमध्ये मी 'नाही' म्हणालो होतो, 'हो' म्हणालो होतो. बस.

"नाही," मी म्हणालो.

"मग आधी त्याच्याकडे जा," एल्सी म्हणाली. "माझ्याकडे आज येऊ नकोस. मला बाळाचं नाव आठवू दे जरा."

नाव ठेवलं होतं, हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं.