झाकणाला हात लावायचा नाही

मंद उबेवर दिवसभरात आपोआप शिजवणारा विजेवरचा स्लो कुकर हवा होता तिला, आणि दुकानदार समजावत होता तिच्या नवऱ्याला.

“साहेब, हा न्या. स्वस्तात मस्त. वर चाकूंचा सेट फुकट.”

“याची वायर केवढी लांब आहे,” ती म्हणाली. “ओट्यावरून खाली लोंबणार. आमची छोटी रांगते, दिसेल ते ओढते.”

“मॅडम, वायर लांब असली तर सोयच की.”

“सोय कुणाची? ओढणारीची?”

नवरा हसला, दुकानदार हसला. ती हसली नाही. बाळाला पाजताना एका हाताने फोन धरून तिने महिनाभर याच एका गोष्टीचा अभ्यास केला होता. आतलं भांडं जड हवं आणि धुवायला बाहेर निघायला हवं. जेवणारी माणसं चारच म्हणून भांडं भलतंच मोठं नको, कारण अर्ध्याहून अधिक रिकामं भांडं नीट शिजवत नाही. कड्या तापणाऱ्या नकोत. टायमरवाला, काचेच्या झाकणाचा एक कुकर तिच्या मनात भरला होता, पण त्याची किंमत ऐकूनच नवऱ्याने भुवया कपाळात नेल्या. शेवटी तिने मधला घेतला. चिनीमातीचं जड भांडं, आखूड वायर, बंद-मंद-मध्यम असं एकच बटण. झाकण काळं, आतलं काही न दिसणारं. आत बघायचंय काय, असं तिला वाटलं होतं.

हे सगळं कशासाठी, तर सोमवारसाठी. सोमवारी तिची बाळंतपणाची रजा संपत होती. रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमध्ये ती काम करायची आणि लॅबवाले आणखी थांबणार नव्हते. बाळाला सांभाळायला सासूबाई तयार होत्या. पण दीड महिन्यापूर्वी त्यांच्या कडेवर बाळ असताना कढईतलं तेल उडालं आणि थेंब बाळाच्या कानाशेजारी पडला. त्या दिवसापासून घरात ठरलं, बाळ आणि गॅस एकत्र नकोत. नवऱ्याच्या मते याचा अर्थ एकच होता. “राहू दे ना नोकरी वर्षभर. कोण मागे लागलंय?”

“मी लागलेय,” ती म्हणाली होती.

मग तह झाला. शनिवारी ती लॅबमध्ये कागदपत्रं द्यायला जाणारच होती. त्या दिवशी कुकरने जेवण नीट शिजवलं तर सोमवारी तिने कामावर जायचं. नाहीतर कुकर दुकानात परत आणि ती घरात.

शनिवारी सकाळी तिने रात्रभर भिजवलेले वाटाणे, बटाटे, कांदा, टोमॅटो, मीठ, मसाला सगळं भांड्यात घातलं, वर गरम पाणी ओतलं आणि बटण फिरवलं. “आता याच्याकडे कुणी बघायचंसुद्धा नाही,” ती सर्वांना म्हणाली. “आपोआप होतं.” सासऱ्यांनी वर्तमानपत्रातून मान हलवली.

संध्याकाळी ती परतली तेव्हा ताटं मांडलेली होती आणि कुणी जेवत नव्हतं. नवऱ्याने एक वाटाणा तिच्या पुढ्यात बशीत टाकला. टणकन वाजला.

“म्हटलं होतं ना? स्वस्तातलं ते स्वस्तातलं.”

तिने झाकण काढलं. बटाटे करकरीत. पाणी कोमट म्हणावं इतपतच गरम. बटण नीट फिरवलं होतं ना? वायर सैल तर नव्हती? रस्त्यात ती मनातल्या मनात सोमवारचा डबा भरत आली होती.

“अगं, मी तर दर थोड्या वेळाने बघत होते,” सासूबाई हळहळून म्हणाल्या. “मेलं काही होतच नव्हतं.”

ती थबकली. “बघत होता म्हणजे?”

“म्हणजे झाकण काढून. चमच्यावर दाणा घेऊन दाबून बघायचे. कच्चा तो कच्चाच.”

“बाबा, तुम्ही?”

सासऱ्यांनी घसा खाकरला. “मी फक्त मिठाचं पाहिलं. दोनदा. तिसऱ्यांदा घातलं.”

“आणि तू?” ती नवऱ्याकडे वळली.

“मी जरा ढवळलं. खाली लागू नये म्हणून. चांगल्यासाठीच ना! वाफ पण येत होती छान, भपकन बाहेर.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“ती वाफच शिजवते रे! ती बाहेर सोडलीत तुम्ही तिघांनी मिळून! दरवेळी झाकण काढलं की गेलेली ऊब परत यायला किती वेळ लागतो माहितेय? लॅबमध्ये आमच्या उबेच्या पेटीचं दार कुणी उगाच उघडलं तर त्याला बाहेर काढतात. इथे दिवसभर जत्रा भरली होती!”

“झाकण न उघडता स्वयंपाक होतो का कधी?” सासूबाईही पेटल्या. “अंदाज कसा यायचा? आयुष्यभर दाणा दाबूनच शिजवलंय मी, कुणाला उपाशी नाही ठेवलं.”

“आई, तुमच्या हाताला मी नावं ठेवत नाही. पण मी सांगून गेले होते. सांगून! माझं बोलणं म्हणजे काय भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक आहे?”

“बरं, बरं,” नवरा समजूतदार आवाज काढत उठला. हाच आवाज तिला सगळ्यात जास्त झोंबायचा. “भांडण कशाला? ठरल्याप्रमाणे परत करू. खोकं माळ्यावर ठेवलंय मी, जपून.”

जपून. म्हणजे आधीच ठरलं होतं याचं.

तिने स्टूल ओढलं, खोकं खाली काढलं, ओट्यावरची कात्री उचलली आणि खोक्याच्या पोटात खुपसली.

“अगं! खोक्याशिवाय परत घेत नाहीत!”

“माहितेय.”

पुठ्ठा जाड होता. कात्री अडकत होती, तिची बोटं दुखत होती, तरी तिने चारही बाजू फाडल्या. बाळ रांगत आलं आणि एक तुकडा तोंडात घालायला लागलं. तिने तो बोट घालून काढला, बाळाला कडेवर घेतलं आणि उरलेली बाजू पायाने दाबून फाडली.

“सोमवारी मी जाणार,” ती म्हणाली. “कुकर ओट्यावर असेल. जो झाकण उघडेल, त्याने पुढचं शिजवायचं. पूर्ण. भांडी घासण्यासकट.”

“आणि मीठ कमी असलं तर?” सासऱ्यांनी हळूच विचारलं.

“तर अळणी खायचं, बाबा.”

सासूबाई काहीतरी पुटपुटल्या. ‘आजकालच्या’ एवढाच शब्द तिला ऐकू आला. मग पदर खोचून, गुडघा धरत त्या गॅसकडे निघाल्या.

“तुम्ही नाही, आई. बसा तुम्ही.” बाळाला त्यांच्याकडे देऊन तिने मोठं पातेलं काढून गॅसवर ठेवलं आणि कच्चे वाटाणे त्यात ओतले. मग पळी नवऱ्याच्या हातात दिली आणि बाळाला परत कडेवर घेतलं. “ढवळायची हौस याला आहे.”

“आत्ता? भूक लागलीय सगळ्यांना.”

“मलाही लागलीय.”

त्याने आईकडे पाहिलं. आई ताटं उचलण्यात गुंतल्या. वडील वर्तमानपत्रामागे गेले. त्याने गॅस लावला, पातेल्यात डोकावला.

“किती वेळ लागेल याला?”

“मला काय विचारतोस?” बाळाच्या हनुवटीवरची लाळ पुसत ती दाराकडे वळली. “दाणा दाबून बघ.”