घरात आणखी कोण राहतं?

घर विकायला निघालेली माणसं मला ठरलेलेच प्रश्न विचारतात. पैसे हातात कधी पडणार, किल्ली कुणी कुणाला द्यायची, पंखे काढून नेले तर चालेल का, शेजाऱ्याशी झालेलं भांडण लिहायलाच हवं का. हा शेवटचा प्रश्न विचारताना आवाज हमखास खाली येतो. सत्तावीस वर्षं मी घरांच्या खरेदीविक्रीचे कागद करते आहे, उत्तरं झोपेतसुद्धा देईन. डोकं फिरतं ते वेगळ्याच गोष्टीने. मी विचारलेले प्रश्न कुणी धड वाचत नाही.

विकणाऱ्याला मी चार पानांचं माहितीपत्रक भरायला देते. चोवीस प्रश्न, शेवटी सही. त्यातला अकरावा असा: 'मालकाखेरीज घरात इतर कोणी सज्ञान व्यक्ती राहते काय? असल्यास नाव, वय आणि कधीपासून.' या अशिलाने त्यापुढे ठसठशीत अक्षरात 'नाही' लिहिलं होतं. वय पन्नाशीच्या पुढचं, तोंडावर कायम हसू, बायको-मुलांसह दुसऱ्या शहरात बिऱ्हाड. वडिलांनी नावावर करून दिलेलं इथलं घर विकून त्याला तिकडे मोठं घ्यायचं होतं. घेणारं जोडपं तयार होतं, खरेदीखताची तारीखही जवळपास ठरली होती.

मध्येच घेणाऱ्यांच्या वकिलाचं पत्र आलं, मागची भिंत नक्की कुणाच्या हद्दीत येते म्हणून. घर माझ्या वाटेवर होतं, किल्ली माझ्या कपाटात होती. म्हटलं, आपणच जाऊन बघू. नाहीतरी घरी माझी वाट बघणारं कोणी नव्हतं. किल्ली फिरली, पण दार हलेना. आतून कडी होती. मी चार पावलं मागे सरकले, तेवढ्यात दार उघडलं आणि साठी ओलांडलेल्या एक बाई टॉवेलला हात पुसत समोर उभ्या राहिल्या.

"कोण पाहिजे?"

"मी वकील. हे घर विकायचं चाललंय ना, त्याचे कागद माझ्याकडे आहेत."

"या. मी त्याची बहीण."

स्वयंपाकघरात टेबलाभोवती चार खुर्च्या होत्या. एकीची गादी पार चपटी झालेली, बाकी तिन्हींच्या गाद्या नव्यासारख्या. मागची भिंत मी बघितली, टाचण केलं, आणि निघताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "किती वर्षं राहता इथे?"

"एकतीस. आईचं करायला आले, मग राहिलेच. दवाखान्यात टेलिफोन ऑपरेटर होते. दिवसभर लोकांशी बोलायचं, संध्याकाळी आईशी. आता दोन्ही नाही."

रस्त्यावर येऊन मी अशिलाला फोन लावला. "अकराव्या प्रश्नाला तुम्ही 'नाही' लिहिलंत."

"बरोबर आहे की."

"तुमच्या बहीण राहतात तिथे."

"ताई होय?" तो हसला. "अहो, तुम्ही 'इतर कोणी' विचारलंत. ताई इतर कशी? ती घरचीच."

लबाड माणूस मला फोनवरही कळतो. हा लबाड नव्हता. त्याने ताईला लपवलं नव्हतं, ती त्याच्या मोजण्यातच आली नव्हती. घरातल्या वस्तूंची यादी करताना उंबरठा लिहायचं सुचत नाही, तसं.

"मग त्या कुठे जाणार?"

"आमच्याकडेच. हॉलमध्ये सोफा आहे, उघडला की पलंग होतो."

"त्यांना विचारलंत?"

"ताईला काय विचारायचं?"

मी फोन ठेवला तेव्हा माझे कान तापले होते. पण काम ते काम. घरात मालकाशिवाय दुसरं सज्ञान माणूस राहत असेल, तर त्याची संमती लागते: घरावर माझा हक्क नाही, ठरल्या दिवशी मी घर रिकामं करीन. ती सही नसेल तर शहाणा वकील आपल्या अशिलाला असलं घर घेऊच देत नाही. म्हणजे विक्री आता ताईंच्या सहीवर अडली होती, आणि ताईंचं राहणंही त्याच सहीवर ठरणार होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांना ऑफिसात बोलावून मी संमतिपत्र वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मग प्रश्न विचारले. पडदे ठेवायचे का? विजेच्या बिलावरचं नाव कोण बदलणार? मागच्या दाराची किल्ली जरा वाकवून फिरवावी लागते, ते नव्या माणसांना लिहून द्यायचं का? सगळे घराचे प्रश्न. स्वतःबद्दल एक नाही.

मग एकदम म्हणाल्या, "छप्पर मी घातलंय. माझ्या पगारातून. त्या वर्षी त्याची नोकरी गेली होती, आणि आईच्या खोलीत..."

मी हात वर केला. "हे मला सांगू नका."

त्यांनी पर्स मांडीवर ओढली.

"मी तुमच्या भावाची वकील आहे. तुमच्या फायद्याचं काही मला ऐकताही येत नाही, सांगताही येत नाही. तुम्ही तुमचा वेगळा वकील गाठा आणि त्याला हे सगळं सांगा."

हे वाक्य मी शेकडो वेळा म्हटलं असेल, दारावरची पाटी वाचावी तसं. त्या दिवशी ते म्हणताना मी टेबलावरचे कागद उगाच सारखे केले.

"बरं," त्या पर्स आवरत म्हणाल्या. "कधीपासून राहता असं कुणी विचारलंच नव्हतं इतक्या वर्षांत. तुम्ही विचारलंत, म्हणून बोलत सुटले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिना उतरणाऱ्या त्यांच्या पाठीकडे बघत मी म्हटलं, "समोरच्या गल्लीत तीन वकील बसतात. कुणाकडेही जा. पण जाच." तो 'जाच' माझ्या हद्दीबाहेरचा होता.

आठ दिवसांनी दोघं बरोबरच आली. त्याने तिच्यासाठी दार धरलं, खुर्ची पुढे ओढली. खिशातून पेन काढून तिच्यासमोर ठेवलं.

"वकिलांना भेटून आले मी," ताई म्हणाल्या. "सहीचं मग बघू. आधी तू तो अकरावा प्रश्न नीट कर."

"अगं, त्याने काय होणार आहे?"

"कर तू."

मी माहितीपत्रक काढून दिलं. 'नाही' खोडून त्याने 'होय' लिहिलं, पुढे तिचं नाव. वयापाशी पेन अडलं.

"त्रेसष्ट ना गं?"

"सहासष्ट."

त्याने लिहिलं. 'कधीपासून' या शब्दापाशी मात्र तो माझ्याकडे बघायला लागला, जणू उत्तर माझ्याच टेबलावर असणार होतं. मी खिडकीबाहेर बघितलं.

"तू नोकरीसाठी इथून गेलास ना, त्या महिन्यापासून," ताई म्हणाल्या. "आई एकटी पडेल म्हणून तूच मला बोलावलंस."

त्याने तेही लिहिलं. आता तो हसत नव्हता. ताईंनी कागद जवळ ओढून ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. मग संमतिपत्र तसंच माझ्याकडे सरकवलं.

"मी सही करणार नाही."

त्या ठरवूनच आल्या होत्या की ती ओळ वाचून त्यांचं ठरलं, ते मला अजून कळलेलं नाही.

"ताई, तिकडच्या घराचं सगळं ठरलंय. मी आता त्या लोकांना काय सांगू?"

"मी राहते, असं सांग. आत्ताच लिहिलंस ना."

"एका शब्दाने बोलली नाहीस आधी."

"तू विचारलं नाहीस रे. आणि मला सोफा नको."

तो बराच वेळ पेनाचं टोपण लावत, काढत बसला. मला वाटलं, आता तरी तो तिला काहीतरी विचारेल. तो उठला. "बस मग तुझं घर धरून," असं म्हणाला आणि निघून गेला. जिन्यात त्याचे बूट बराच वेळ वाजत राहिले.

माझं काम बुडालं होतं. मला चीड यायला हवी होती. मला आनंद झाला, आणि तो तिथे कुणापुढे दाखवायची सोय नव्हती.

"रविवारी फोन करायचा तो," ताई म्हणाल्या. "न चुकता. तेवढा एकच यायचा. आता नाही येणार."

येईल हो, असं म्हणणं सोपं होतं. पण मला तसं वाटत नव्हतं. मी त्यांना पाणी दिलं. ते सगळं पिऊन त्यांनी ग्लास बाजूला ठेवला आणि त्या उठल्या. दारापाशी जाऊन मागे वळल्या.

"इथून आमच्याकडे बस कुठली जाते हो? येताना त्याच्या गाडीतून आले होते."

मी त्यांना नंबर सांगितला, थांबा कुठे आहे तो खिडकीतून दाखवला. तेवढं मला करता येत होतं.