पाढा येईल त्याने घंटा वाजवायची

टण्ण.

आम्ही खुरपी टाकली आणि बांधावर जाऊन डबे सोडले.

"अगं बायांनो, आत्ता तर आलात!" मळेवाला वाफ्यातून ओरडला.

"घंटा झाली, दादा."

"ही काय जेवायची वेळ झाली?"

"ते घंटेला विचारा. आम्ही काय मनगटाला घड्याळ बांधून कांदा खुरपतो?"

आमच्याकडे हे असंच आहे. घड्याळं घरोघरी आहेत, पण एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. म्हणून सगळा कारभार शाळेच्या घंटेवर. शाळा टेकडीवर, शेतं खाली. टोल पडला की मजूर जेवणार, विहिरीवरची मोटार बंद होणार, गुरं पाण्यावर जाणार.

टण्ण.

(थांबा. पुन्हा सुट्टी झाली.)

हां. तर शाळेत नव्या बाई आल्या. आल्या आल्या त्यांनी हेडमास्तरांची छडी कपाटावर टाकली. म्हणाल्या, "मारलं की मुलं गप्प बसतात. शिकत नाहीत." हेडमास्तर म्हणाले, "बघू. गावातून एक जरी तक्रार आली, तर छडी खाली."

आता बक्षीस काय द्यायचं? शाळेत होते खडूचे तुकडे. बाईंनी मुलांनाच विचारलं, तर सगळी एका सुरात ओरडली, "घंटा!" आजवर शिपाई त्या घंटेवर माशी बसू देत नव्हता. मग ठरलं. ज्याला पाढा आला, त्याने एक टोल द्यायचा.

बाई परगावच्या. टोलावर गावाचं पोट चालतं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. आम्ही तर मुळीच सांगणार नव्हतो. आंधळा मागतो एक डोळा, इथे तर डोळ्यांची रांग लागली होती.

टण्ण. बाराचा पाढा. मोटार बंद.

टण्ण. तेराचा. मोटार चालू.

टण्ण. पुन्हा बाराचा, दुसऱ्या कुणाचा तरी. गुरं अर्ध्या वाटेतून परत पाण्यावर. पाणी बघून म्हशीने तोंड फिरवलं.

टण्ण, आणि मळेवाल्याचं डोकं फिरलं. तापलेली ढेकळं तुडवत तो टेकडी चढला. भांडण फुकट बघायला मिळतंय म्हटल्यावर आम्हीही मागोमाग.

"बाई, वाफे कोरडे पडले माझे! मारल्याशिवाय पोरं शिकतात होय? आम्ही मार खाऊनच शिकलो!"

"किती पाढे येतात हो, दादा?" माझ्या जावेने मागून विचारलं.

"पाचपर्यंत. पण पक्के!"

हेडमास्तर खुलले. "तक्रार आली," म्हणत त्यांनी स्टूल ओढलं आणि कपाटावर हात घातला. बाईंचा चेहरा उतरला.

तेवढ्यात मागच्या बाकावरून मळेवाल्याची मुलगी उठली. हिला सगळी शाळा पालथा घडा म्हणायची, घरी बापही तेच म्हणायचा. छड्या खाऊन तिचे तळहात टणक झाले होते, पण सहाचा पाढा काही पुढे सरकला नव्हता.

"छडी काढायच्या आधी माझा पाढा घ्या," ती म्हणाली. "एकोणीसचा."

"एकोणीसचा?" बाप म्हणाला. "अगं, आधी सहाचा तरी म्हण!"

तिने सुरू केलं. सात झाले. आठवर अडली.

स्टुलावर हेडमास्तर हात उंच करून तसेच. बापाचे ओठ हलले, पण त्याच्याजवळ द्यायला होतं काय? पाचपर्यंतचे पक्के.

"एकोणीस आठे... एकशे... बावन्न!" आणि पुढचं सगळं तिने एका दमात म्हणून टाकलं.

मळेवाल्याने टोपी काढली, घाम पुसला, पुन्हा घातली.

"तक्रारीचं काय करायचं?" वरून हेडमास्तरांनी विचारलं.

"कसली तक्रार? उतरा खाली, पडाल."

मुलगी हातोडा घेऊन घंटेपाशी गेली. बापाकडे बघत तिने घाबरत घाबरत हलकाच टोल दिला.

"हे काय? जेवत नाहीस का घरी?" बाप खेकसला. "जोरात मार! खाली मळ्यापर्यंत गेला पाहिजे."

"मळ्यात ऐकायला कोण आहे, दादा?" जाऊ म्हणाली. "आम्ही सगळ्या इथेच."

"मग पळा ना खाली! पोचलात की हात करा, तोवर थांबेल ती. आणि माझ्या पोरीचा टोल ऐकून जी जेवायला बसणार नाही, तिची आजची मजुरी कापीन!"