बदकाची मुकी फीत

मित्रांनो, मी सिनेमाची एक जुनी फीत आहे. जुनी आणि मुकी. माझ्यात एक बदक आपल्या पिल्लांना ओढ्यापार नेतं. कुणीतरी एका बडबडगीतावरून एकेक चित्र हातानं काढून ते चालतं केलं होतं. ते गीत कुठल्या मुलखाचं, कुणालाच ठाऊक नव्हतं.

नाथाजींनी मला सांगलीच्या जुन्या बाजारातून उंब्रजला आणलं. त्यांच्याकडे हातानं फिरवायचं मशीन होतं. त्यांच्या बायकोनं, साळूबाईंनी, चित्रं बघून स्वतःच गाणं रचलं. बालवाडीच्या खिडक्यांना पोती लावायची, भिंतीवर धोतर ताणायचं. मग बाई गायच्या आणि त्यांच्या गाण्यावर नाथाजींचा हात चालायचा.

"आवं, दमानं. बदक अजून पाण्यात न्हाई उतरलं," बाई मधेच म्हणायच्या.

"मग तू बी उरक की. पिल्लं गारठली," नाथाजी म्हणायचे. पोरं हसायची.

पुढे टीव्हीवर रंगीत कार्टून आली. तरी मेढ्यापर्यंतच्या बालवाड्या आम्हाला बोलवत. शेवटच्या वर्षी बाईंना धाप लागू लागली. नाथाजी सावकाश फिरवू लागले. पोरांना वाटलं, बदक म्हातारं झालं.

शहाण्णव साली बाई गेल्या. नाथाजींनी मला डब्यात घालून वर चिकटपट्टी गुंडाळली. ते मला जपत होते. पण बंद डब्यात आम्ही फिती आंबतो. मला आंबट वास येऊ लागला, कडा आकसल्या.

दोन पावसाळे गेले. मग मेढ्याच्या बालवाडीतल्या अश्लेषाबाई मला बघायला मागू लागल्या.

नाथाजी म्हणाले, "गाणारी न्हाई. आता कुणाच्या गाण्यावर फिरवू?"

"पोरं गातील. साळूबाईंचंच गाणं हाय. त्या आमच्या बालवाडीत गायच्या तवा ऐकलेलं, मीच शिकवलंय त्यांना."

नाथाजी मला घेऊन गेले. पोरांचा ताल एकमेकांत बसेना. नाथाजींचा हात अडखळला. मग त्यांनी तो पोरांच्या गाण्यामागं सोडला आणि बदक पळतच सुटलं. तेवढ्यात माझी आकसलेली कडा फाटली. पिल्लं ओढ्यातच राहिली, भिंत पांढरी झाली.

"थांबा रं," नाथाजी म्हणाले. "पिल्लं पलीकडं न्यायची हायेत."

आंबलेला तुकडा चिकटेना. त्यांनी तो कापला, चांगली टोकं जोडली. आता पिल्लं पोहताना दिसत नाहीत, एकदम काठावरच दिसतात. पोरं तेवढं पोहणं गाऊन भरून काढतात.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी अशी फीत जपून बंद ठेवली असेल, तर डबा उघडा. तिला वारा लागू द्या, अधूनमधून फिरवा. खराब होईल म्हणून भिऊ नका. वापरून तुटलेली फीत जोडता येते. आंबलेली कापावीच लागते.