विझवलेला बर्नर

अब्बांनी मशीनवरून कापड काढलं, दातांनी दोरा तोडला आणि लेकीच्या डोक्यावर घालून पाहिलं. पांढरं, सुती, गळ्याशी घट्ट, टोकं प्रयोगशाळेच्या कोटात खोचलेली.

"टोपडं झालं गं हे. तू पाळण्यात असताना शिवायचं राहिलं, ते आता शिवलं."

"हसू नका, अब्बा. कुठे लोंबत नाही ना?"

"शिंप्याला शिकवतेस होय?"

नियम तिला पटला होता. ज्योतीजवळ सैल किंवा नायलॉनचं कापड नको. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. पण विभागप्रमुखांनी त्या नियमावर बोट ठेवून तिचा डोक्याचा रुमालच बंद केला होता. आज प्रात्यक्षिक परीक्षा. हुकली तर वर्ष वाया.

विभागप्रमुख सरांनी तिला प्रयोगशाळेच्या दारातच अडवलं.

"हे काय?"

"सुती आहे, सर. सैल काही नाही. नियमात बसतं."

"मला नियम शिकवू नकोस. काढ."

आत तिच्या शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीची झुळझुळीत ओढणी बर्नरपाशी लोंबत होती. ही मैत्रीण रोज तिच्या डब्यातला अर्धा वाटा हक्काने खायची. मैत्रिणीने ओढणी गुपचूप कोटात खोचली.

दारातून तिने विचारलं, "सर, ओढण्या चालतात का?"

"प्रश्न कापडाचा नाही."

"मग कशाचा आहे?"

सरांनी बाहेर बोट दाखवलं. मागून कुणीतरी म्हणालं, "घरी जाऊन मिरव म्हणावं." खसखस पिकली. सरांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

ती आपल्या टेबलापाशी गेली. "मी परीक्षा देणार, सर. प्रयोग चुकला तर गुण कापा."

तिने बर्नर पेटवला. सरांनी येऊन गॅसची तोटी बंद केली. तिने पुन्हा उघडली, पुन्हा काडी ओढली. तेव्हा त्यांनी तोटी बंद करून बर्नरच उचलून नेला.

वेळ संपेपर्यंत ती जागची हलली नाही. हातातल्या परीक्षानळीत द्रावण तसंच गार होतं. मैत्रिणीचा प्रयोग केव्हाच आटोपला होता. तिचा बर्नर हाताच्या अंतरावर रिकामाच जळत होता. मैत्रिणीने तो तिच्याकडे सरकवला नाही. कुणीच सरकवला नाही. सगळ्यांच्या माना खाली होत्या.

ती मुलं वाईट नव्हती. आपल्याच घरांत वाढलेली होती. मोठ्यांपुढे मूग गिळून बसायला आपणच त्यांना शिकवलं होतं.