दारातला उजेड

"जमलं की!" दोरेवाली स्वतःशीच पुटपुटली. जुन्या गाडीच्या पेट्रोल टाकीच्या तोंडावरचं तळहाताएवढं झाकण आणि स्वतः रंगवलेली पट्टी तिने दिव्याखाली एकमेकांना चिकटवून धरली. पांढऱ्याला पांढरा, अगदी सख्ख्या बहिणी!

पलीकडच्या टेबलावर चष्मेवाला पोरगा अजून थेंब थेंब रंग मोजत होता. "काकू, झालंसुद्धा?"

"मग! तू बस थेंब मोजत."

गाड्या रंगवायच्या त्या कार्यशाळेत शिकाऊची जागा एकच होती आणि उमेदवार हे दोघं. संध्याकाळच्या वर्गात दोघं एकाच बाकावर बसून शिकले, लेखी परीक्षाही दोघं पास झाले. आज हात दाखवायचा होता. दोघांना एकाच रंगाचं एकेक झाकण दिलं होतं; त्याच्याशी हुबेहूब जुळणारा रंग दुपारपर्यंत बनवायचा. पोराला पुढच्या वर्षी पुन्हा येता आलं असतं. तिला नाही. पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसणार नव्हती.

लेखी परीक्षेची तयारी तर तिच्या सासूनेच करून घेतलेली! मटार सोलता सोलता सासूबाई पुस्तक मांडीवर घेऊन प्रश्न विचारायच्या. "पत्र्यावर आधी काय गं?"

"आधी घासायचं. मग पुट्टी, मग प्रायमर, मग रंग."

"बघ! आणि आपली शेजारीण घासत नाही की काही नाही, थेट रंगच लावते तोंडाला!" आणि मग दोघी इतक्या हसायच्या, की मटार घरभर.

पण याच सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, "गाड्या रंगवायला निघाली! घराच्या भिंतींनी काय घोडं मारलंय?"

फोरमन आला. दिव्याखालची पट्टी त्याने पाहिलीच नाही. "बाई, चला बाहेर."

अंगणात ऊन नव्हतं, नुसता स्वच्छ उजेड होता. दोरेवालीने पट्टी झाकणाशेजारी धरली. झाकण पांढरंशुभ्र, आणि तिची पट्टी मात्र दात न घासता हसल्यासारखी, पिवळट!

"काय झालं?" फोरमनने विचारलं.

"दिव्यावर विश्वास ठेवला." तिने कपाळावर हात मारला. "आणि तोही मी! अहो, आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आले, ताई, दारात या, दिवा खोटं बोलतो."

"गिऱ्हाइकं? कसली? तुम्ही तर घरीच होता म्हणालात."

आता लपवून काय उपयोग? "दोऱ्याच्या दुकानात होते. कापडाला जुळणारा दोरा काढून द्यायचा, एवढंच काम. लग्नाआधीपासून, दुकान बंद पडेपर्यंत."

"मग सांगितलं का नाही?"

"म्हटलं, गाड्यांच्या ठिकाणी रिळांची काय मातब्बरी! हसाल तुम्ही."

फोरमन हसला नाही. "पिवळा जास्त पडलाय. घातलेला थेंब काढता येत नाही."

"ठाऊक आहे. नव्याने करते."

"करा. वेळ आहे अजून."

मग काय विचारता! पदर खोचला नव्हता एवढंच, बाकी सगळा आवेश तोच. थोडा रंग पट्टीवर लावला, वाळवला, की पळाली दाराकडे. परत आत, एक थेंब काळा, पुन्हा दार. दाराची आणि टेबलाची नुसती शिवाशिवी.

मध्येच तिचं लक्ष पोराकडे गेलं. तो दिव्याखाली झाकण धरून खुशीत हसत होता, अगदी मघाशी ती हसली होती तसा. गप्प बस, तिने स्वतःला बजावलं. जागा एकच आहे. गप्प. गप्प!

पण दुकानातली जीभ ती, ऐकते थोडीच?

"अरे ए शहाण्या, दारात ये! दिवा फसवतो."

पोरगा आला. त्याची पट्टी उजेडात राखाडी दिसली. "अरे बाप रे!" म्हणत तोही नव्याने कामाला लागला.

दुपारी फोरमनने दोन्ही पट्ट्या अंगणात नेल्या. पोराची जवळ आली होती, पण कड दिसत होती. दोरेवालीची पट्टी त्याने झाकणावर ठेवली आणि ती कुठे ठेवली, हे शोधायला त्याला बोट फिरवावं लागलं.

"सोमवारपासून या," तो म्हणाला.

पोरगा खट्टू झाला. मग म्हणाला, "काकू, पुढच्या वर्षी मी दारातच टेबल मांडणार."

"मांड. मी तुला आतून रंग आणून देईन."

कामाचा राखाडी डगला मिळाला, तो कुठल्याशा ताडमाड माणसाच्या मापाचा. घरी तिने तो घातला, तर बाह्यांतून बोटंसुद्धा दिसेनात.

"यात तुझ्यासारख्या दोघी मावतील," सासूबाई म्हणाल्या. हसल्या, आणि मग उगीचच डोळे पुसत बसल्या.

"बाह्या वर घेते." दोरेवालीने दुकानातल्या उरल्यासुरल्या रिळांचा डबा काढला, दिवा लावला आणि राखाडी रीळ उचललं.

सासूबाईंनी ते हातातून काढून घेतलं. "दिव्याखाली? काही शिकलीस की नाही? ठेव ते."

सकाळी ती उठली तेव्हा दार सताड उघडं होतं. उंबऱ्यावर सासूबाई उभ्या होत्या. हातावर डगला, बाहीवर दोन रिळं, डोळे बारीक केलेले.

मागे न बघताच त्या म्हणाल्या, "डावीकडचं गं. ये, बघ."